मिठाच्या विहिरी अन् बेडकं

आपलं चांदूर रेल्वे वर्धेच्या खोऱ्यात. दर्यापूर-भातकुलीकडे, पूर्णेच्या खोऱ्यात गेलं का खारपाणपट्टा लागते. जुन्या काळी अकोल्यातल्या दहीहांड्याकडे विहिरीच्या खाऱ्या पाण्यातून मीठ काढत. तो धंदा बसला, खार राहिला. प्यायला मात्र पावसाचं साठवलेलं गोडं पाणी, हीच जुनी रीत.

मंग बोअर आले. खारं पाणी तळ्यात सोडलं का उन्हानं पाणी उडते, मीठ मागं राहते. बेडकाच्या पिल्लाची कातडी पातळ. खार वाढला का आंगातलं पाणी बाहेर ओढल्या जाते, पिल्लू मरते. बेडूक गेला का किडीले रान मोकळं.

शेततळ्यात पावसाचंच पाणी धरा. बोअरचं सोडायच्या आधी त्याची ईसी तपासा, भाऊ.