तारामतीचा पार्ट

देवगडहून निपाणीकडे जाणारा रस्ता नांदगाव सोडून फोंड्याच्या बाजारात येतो आणि तिथून घाटाला लागतो. माथ्यावर दाजीपूरचे जंगल, पुढे राधानगरी, आणि तिथून कोल्हापूर फार लांब नाही. किनाऱ्याचे मीठ, सुकी मासळी आणि नारळ या वाटेने वर गेले, गूळ आणि धान्य खाली आले. नाटकाच्या हिशेबाने मात्र या घाटाच्या खाली एक जग आहे आणि वर दुसरे.

खालच्या जगात दशावतार आहे. कार्तिक-मार्गशीर्षात जत्रा सुरू झाल्या की देवळापुढे रात्री पालखीनंतर खेळ उभा राहतो. आधी आड दशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी, संकासुर. मग पुराणातले आख्यान, पहाटेपर्यंत. संहिता लिहिलेली नसते. राजपार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी असे ज्याचे त्याचे काम ठरलेले, आणि संवाद त्या रात्री, त्या क्षणी सुचतील तसे. यातले सगळे कलाकार पुरुष. राणी पुरुष, गवळण पुरुष, पतिव्रताही पुरुष. ओमप्रकाश चव्हाणांसारख्या स्त्रीपार्टी नटाला सिंधुदुर्ग जिल्ह्याने जे प्रेम दिले, ते एखाद्या नायिकेला मिळावे तसे आहे. लुगड्याचा पदर सावरण्याची आणि पुत्रशोकात कोसळण्याची त्यांची कला कोणत्याही कसोटीला उतरेल.

वरच्या जगात, कोल्हापुरात, 1929 च्या 1 जूनला प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी हे तिचे भागीदार. तीनच वर्षांत या कंपनीने मराठी बोलपट काढला: ‘अयोध्येचा राजा’, 1932. गोष्ट हरिश्चंद्र-तारामतीची, म्हणजे जत्रेला येणाऱ्या कोणत्याही माणसाला तोंडपाठ असलेली. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे. आणि तारामती झाली सत्तावीस वर्षांची, इंग्रजी शाळेत शिकलेली, मुंबईच्या श्रीमंत घरातली, दोन मुलांची आई. तिचे नाव दुर्गा खोटे.

या निवडीचे महत्त्व समजायला एकोणीस वर्षे मागे जावे लागते. दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा त्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नाही. पडद्यावर तोंड दाखवायला कोणीच तयार होईना. शेवटी मुंबईतल्या एका हॉटेलात स्वयंपाकाचे काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. चारच वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. त्या काळी मराठी माणसाला यात वावगे काही वाटत नव्हते, कारण रंगभूमीवर बालगंधर्वांचे राज्य होते आणि घरंदाज बायका त्यांच्या लुगड्याची, दागिन्यांची ढब उचलत होत्या. इंग्लंडातही 1660 पर्यंत हेच होते. शेक्सपिअरने लेडी मॅकबेथ लिहिली ती पोरसवदा मुलाने करण्यासाठी.

याचा अर्थ दुर्गा खोटे यांच्या आधी किंवा बरोबरीने कोणी बाई नव्हतीच, असे नाही. फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लहान मुलगी कमळाबाई मोहिनी झाली. कमळाबाई गोखल्यांनी पुढे वैधव्यात तीन मुले वाढवली, फिरत्या नाटक मंडळ्यांत पुरुषपार्टही केले आणि उतारवयातही कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे पुत्र, विक्रम गोखले नातू. हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक कंपनी काढली, आणि 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या. या सगळ्यांचे ऋण मान्य करूनच पुढचे बोलायला हवे. तरीही दुर्गाबाई खोट्यांची गोष्ट वेगळी उरते, कारण त्यांच्यापाशी गमावण्यासारखे खूप होते, आणि एकदा पाऊल टाकल्यावर त्या पन्नास वर्षे थांबल्या नाहीत.

त्यांचा जन्म 14 जानेवारी 1905 चा, मूळ गोमंतकातल्या लाड घराण्यातला. माहेरचे नाव विठा. वडील पांडुरंगराव सॉलिसिटर. शिक्षण कॅथेड्रल शाळेत, मग सेंट झेवियर्स कॉलेजात. लग्न विश्वनाथ खोटे यांच्याशी झाले. ते बनारसहून इंजिनिअर होऊन आलेले. सासर तर माहेराहून श्रीमंत. पण सासरच्यांचा पैसा शेअर बाजारात बुडाला, आणि बकुळ आणि हरीन या मुलांना वाढवायचे कसे हा प्रश्न उभा राहिला. दुर्गाबाईंनी शिकवण्या केल्या. ऐन तारुण्यात वैधव्यही आले.

पहिला चित्रपट 1931 चा, ‘फरेबी जाल’. त्यात त्यांचे काम जेमतेम काही मिनिटांचे. पण जाहिरात झाली ती त्यांच्या घराण्याच्या नावाची, आणि चित्रपट सुमार निघाला. नातेवाइकांनी, ओळखीच्यांनी त्यांना नको नको ते ऐकवले. दुसरी कोणी असती तर इथेच संपली असती. त्या चित्रपटातले त्यांचे तेवढेसे काम शांतारामांच्या नजरेत भरले आणि त्यांनी दुर्गाबाईंना कोल्हापुरात बोलावले.

‘अयोध्येचा राजा’ आज पाहताना पहिल्यांदा लक्ष जाते ते त्यांच्या उभे राहण्याकडे. पार्श्वगायनाची सोय नव्हती. नटाने कॅमेऱ्यासमोर गायचे आणि तेच मुद्रित व्हायचे. दुर्गाबाई गायल्या. टेंब्यांसारखा संगीत रंगभूमीचा कसलेला माणूस समोर असताना गाणे सोपे नव्हते. पण तारामती रस्त्यावर येते, विकली जाते, मोलकरीण होते, तेव्हा त्यांची मान खाली जात नाही. राजपार्टी नटाचा भारदस्तपणा आणि आईची कळ एकाच देहात दिसावी, हे मराठी प्रेक्षकाने तोवर पडद्यावर पाहिले नव्हते. याच चित्रपटाची हिंदी आवृत्तीही निघाली आणि महाराष्ट्राबाहेरही त्यांचे नाव झाले. त्याच वर्षीच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी झाल्या, शेजारी चित्ता घेऊन बसलेली ती राणी लोकांनी अनेक वर्षे आठवणीत ठेवली.

पुढची हकीकत धंद्याच्या दृष्टीने फार मोलाची आहे. त्या काळी नट-नट्या एका कंपनीला बांधलेल्या असत. महिन्याचा पगार, करार, आणि कंपनी सांगेल ते काम. दुर्गाबाईंनी ते जोखड मानले नाही. कलकत्त्याला देवकी बोस यांनी न्यू थिएटर्ससाठी केलेल्या ‘राजरानी मीरा’त त्या मीरा झाल्या (1933), बोस यांच्याच ‘सीता’मध्ये सीता (1934). दोन्हींत पृथ्वीराज कपूर त्यांच्याबरोबर होते. ‘सीता’ व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. मग परत प्रभातकडे, जे आता पुण्यात आले होते: 1936 चा ‘अमर ज्योती’.

‘अमर ज्योती’तली सौदामिनी ही मराठी माणसाने पुन्हा पाहावी अशी भूमिका आहे. कायदा या बाईला तिच्या स्वतःच्या मुलाचा ताबा नाकारतो. ती दयेची याचना करत बसत नाही. जहाज घेते आणि समुद्रावर लुटारू होते. बाईला आईपणाचा हक्क कायद्याने का नाही, हा प्रश्न 1936 मध्ये तलवार हातात घेऊन विचारलेला आहे. आंग्र्यांच्या आरमाराच्या आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या गोष्टींवर वाढलेल्या मुलखाला समुद्रावरची ही बाई परकी वाटू नये. हा चित्रपटही व्हेनिसला गेला. याच सुमाराला त्यांनी ‘साथी’ची निर्मिती आणि दिग्दर्शन केले. बाईने दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसणे तेव्हा देशात अगदीच विरळ होते.

नायिकेचे वय झाले की काम संपते, ही चित्रपटसृष्टीची जुनी रीत. दुर्गाबाईंनी ती स्वतःच मोडली. आचार्य अत्र्यांचा ‘पायाची दासी’ 1941 मध्ये आला, त्यात वनमाला सून आणि दुर्गाबाई छळणारी सासू. तेव्हा त्या छत्तिशीत होत्या. नायिका म्हणून आणखी काही वर्षे सहज काढता आली असती. त्यांनी सासू स्वीकारली, आणि बंगालच्या चित्रपट पत्रकारांच्या संघटनेने हिंदी आवृत्तीतल्या, ‘चरणों की दासी’तल्या कामासाठी त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा मान दिला. पुढच्या वर्षी ‘भरत मिलाप’मध्ये त्या कैकेयी झाल्या. सीता केलेल्या नटीने आठ वर्षांत कैकेयी करावी, यातच तिच्या कामाची जाण दिसते. स्वतःची प्रतिमा सांभाळण्यापेक्षा भूमिकेत दम आहे का, हे त्यांनी पाहिले.

रंगभूमीचे ऋण त्यांनी नंतर फेडले. इप्टा या नाट्यसंघटनेशी त्यांचा संबंध आला. मग मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत त्या मन लावून रमल्या. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त त्यांनी आनंदीबाई केली. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’चे ‘राजमुकुट’ केले, 1954 मध्ये हर्बर्ट मार्शल या इंग्रज दिग्दर्शकाने ते बसवले, आणि नानासाहेब फाटकांच्या समोर लेडी मॅकबेथच्या मराठी अवतारात दुर्गाबाई उभ्या राहिल्या. विलायतेत नाटकातून चित्रपटाकडे जाणे ही सरळ वाट मानतात. इंग्रज नटी पेगी ॲशक्रॉफ्ट जन्मभर रंगभूमीवर राबल्या आणि चित्रपटाचे ऑस्कर त्यांना सत्त्याहत्तराव्या वर्षी मिळाले. दुर्गाबाईंचा प्रवास उलट दिशेचा. पडद्यावर नाव झाल्यावर त्या गिरगावातल्या संघाच्या तालमींना गेल्या, जिथे पैसा फारसा नव्हता आणि चूक झाली तर दुसरा टेक नव्हता. संगीत नाटक अकादमीने 1958 मध्ये त्यांचा गौरव केला.

त्यानंतरचा काळ पुष्कळांच्या आठवणीतला आहे. 1960 चा ‘मुघल-ए-आझम’: पृथ्वीराज अकबर, दुर्गाबाई जोधाबाई. सव्वीस वर्षांपूर्वीचे राम-सीता आता एका बंडखोर मुलाचे आई-बाप. 1963 च्या ‘द हाउसहोल्डर’मध्ये त्या शशी कपूरच्या आई. 1973 मध्ये राज कपूरच्या ‘बॉबी’त गोव्याची ख्रिस्ती आजी मिसेस ब्रॅगेंझा, समोर पृथ्वीराजांचा नातू ऋषी. 1980 च्या ‘कर्ज’मध्ये पुन्हा ऋषी. कपुरांच्या तीन पिढ्यांबरोबर काम करणारी ही मराठी बाई दर वेळी वेगळी होती. 1974 च्या ‘बिदाई’साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर मिळाले, तेव्हा त्या सत्तरीच्या उंबऱ्यावर होत्या. 1968 मध्ये पद्मश्री, 1983 मध्ये दादासाहेब फाळके पुरस्कार. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा पुरस्कार तारामती केलेल्या बाईला मिळाला.

त्यांची सून विजया जयवंत, म्हणजे पुढच्या विजया मेहता. दुर्गाबाईंचा मुलगा हरीन अकाली गेला. तो घाव दुर्गाबाईंना सोसावा लागला. विजयाबाईंनी 1960 मध्ये ‘रंगायन’ उभी केली आणि मराठी प्रायोगिक नाटकाला नवे वळण दिले. दुर्गाबाईंनी स्वतः माहितीपटांची, जाहिरातपटांची संस्था चालवली. दूरदर्शनवरची ‘वागले की दुनिया’ ही त्याच दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची निर्मिती. 22 सप्टेंबर 1991 ला त्यांचे निधन झाले. सुमारे दोनशे चित्रपट आणि ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र मागे राहिले. त्या पुस्तकात स्वतःच्या अपमानाबद्दल, पैशाच्या ओढाताणीबद्दल त्या इतक्या सरळ लिहितात, की मराठी अभिनेत्रींच्या आत्मचरित्रांत त्याला फार वरचे स्थान द्यावे लागते.

दशावताराने स्त्रीपार्ट पुरुषाकडे ठेवला म्हणून त्याला मागासलेला ठरवणे बरोबर नाही. त्या कलेचे स्वतःचे शिस्तबद्ध सौंदर्य आहे आणि ते जपायला हवे. पण घाटाखालच्या मुलींना हेही कळले पाहिजे की तीच पुराणातली राणी, घाटावर, एका बाईने स्वतःच्या आवाजात आणि स्वतःच्या कमाईवर उभी केली. सिंधुदुर्गात नाटकाची हौस अजून मोठी आहे. शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलने, गावागावांतली नाट्यमंडळे, जत्रांचे दिवस, सगळीकडे रंगमंच आहे. कणकवली-फोंड्याच्या शिक्षकांनी एका संध्याकाळी ‘अयोध्येचा राजा’ दाखवावा, दुसऱ्या दिवशी गावातल्या स्त्रीपार्टी नटाला बोलावून तारामतीचा प्रसंग करून घ्यावा, आणि मुलामुलींना दोन्ही एकापाठोपाठ पाहू द्यावे. चित्रपट उपलब्ध आहे, नट जिल्ह्यातच आहेत. खर्च जवळजवळ नाहीच.