लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा...

आपल्याकडं पोरगं बीएस्सीला गेलं की लोक विचारतात, "नीटमध्ये नंबर नाही लागला काय?" एमएस्सीला गेलं तर, "मंग आता मास्तर होणार का?" जीवशास्त्र म्हणजे डॉक्टरकी हुकलेल्यांची सोय, असा आपला समज. त्यासाठी थोडा इतिहास.

बुलढाण्याची कॉलेजं आधी नागपूर विद्यापीठाखाली होती. ते स्थापन झालं 1923 साली. 1 मे 1983 रोजी अमरावती विद्यापीठ वेगळं झालं आणि आपला जिल्हा तिकडं जोडला गेला. विद्यापीठ घराजवळ आलं.

अभ्यासाचा विषय मात्र आधीपासूनच दारात होता. लोणारच्या विवराची नोंद 1823 मध्ये इंग्रज अधिकारी अलेक्झांडर यानं केली. ज्वालामुखी की उल्का, हा वाद पुढं दीडशे वर्षं चालला. 1970च्या दशकात काचमिश्रित खडकांच्या अभ्यासातून उल्केचा आघात सिद्ध झाला.

हे झालं दगडाचं. पाण्यातल्या जीवांचं काय? या खाऱ्या, क्षारयुक्त पाण्यात मासा टिकत नाही, पण सूक्ष्मजीव सुखानं नांदतात. एरवी पाणी हिरवं दिसतं, तेही त्यांच्याचमुळं. जून 2020 मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, सरोवर गुलाबी झालं. कोणी चमत्कार म्हटलं, कोणी अपशकुन. प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापुढं गेलं. वनविभागानं पाण्याचे नमुने नागपूरच्या 'नीरी'ला आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला पाठवले. उत्तर आलं: पाऊस कमी, उष्णता जास्त, पाणी आटून खारटपणा वाढला, आणि मिठात वाढणारे 'हॅलोआर्किया' नावाचे सूक्ष्मजीव फोफावले. गुलाबी रंग त्यांचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

अफवा थांबवणारं ते उत्तर कोणी दिलं? जीवशास्त्र शिकलेल्या माणसांनी. अमरावती-औरंगाबादच्या अभ्यासकांनीही लोणारच्या जिवाणूंवर काम केलंय. पण पाणी आज किती खारट, पुढच्या महिन्यात किती, कोणता जीव वाढला, कोणता घटला, हे दरमहा, वर्षानुवर्षं बघायचं तर माणूस जवळचाच पाहिजे.

एमएस्सीला प्रत्येकाला प्रकल्प करावाच लागतो. मागच्या बॅचची फाईल उतरवून बाइंडिंग करायची, की लोणारचं पाणी तपासायचं? आपल्या प्राध्यापकांनी ठरवलं तर दरवर्षीची बॅच आधीच्या बॅचची नोंद पुढं नेऊ शकते. दहा वर्षांत जिल्ह्याची स्वतःची नोंदवही तयार होईल.

पुढच्या वेळी सरोवराचा रंग बदलला, तर पहिलं उत्तर बुलढाण्यातून जायला पाहिजे. तुमच्या घरातलं, गल्लीतलं कोणी एमएस्सी करत असेल, तर त्याला एवढंच विचारा: प्रकल्पाचा विषय काय घेतला?