१८३२ चा कुत्र्यांचा दंगा आणि आमच्या कॉलनीतली बैठक

परवा आमच्या कॉलनीत बैठक झाली. विषय एकच, कुत्री. नेहमीप्रमाणे दोन पक्ष पडले. एकाचं म्हणणं, नगरपालिकेची गाडी बोलवा आणि सगळी उचलून कुठंतरी लांब सोडून द्या. दुसऱ्याचं म्हणणं, मुक्या जनावराला हात तर लावून बघा. दीड तास आरडाओरडा, मग चहा, मग सगळे आपापल्या घरी. मी कोपऱ्यात गप्प बसलो होतो. कारण ज्या चाव्यावरून ही बैठक बोलावली होती, तो चावा भटक्या कुत्र्याचा नव्हताच. आमच्या मोत्याचा होता. तिथं तोंड उघडलं नाही, म्हणून इथं लिहितोय. लांबलंय, पण सातारकरांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी थोडं मागे जाऊ. अगदी हीच भांडणं मुंबईत जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी झाली आहेत, आणि तेव्हा प्रकरण चहावर मिटलं नव्हतं.

६ जून १८३२. मुंबईत कंपनी सरकारचं राज्य. पिसाळलेल्या कुत्र्यांची लोकांना भीती होती आणि ती खोटी नव्हती. हे आधीच सांगतो, कारण हा किस्सा सांगणारे बहुतेक जण गोऱ्या मॅजिस्ट्रेटला खलनायक करून मोकळे होतात. पिसाळलेलं कुत्रं चावून रोग झाला तर त्या काळी जगात कुठंच इलाज नव्हता. माणूस जायचाच, आणि तोही तहानेनं व्याकूळ असताना पाण्याला भिऊन. म्हणून १८१३ च्या एका नियमानं वर्षातल्या ठरावीक दिवसांत बेवारशी कुत्री मारायची मुभा दिली होती. १८३२ च्या उन्हाळ्यात पोलीस मॅजिस्ट्रेटनं ही मुदत वाढवली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस.

गोम इथंच होती. बक्षीस कुत्र्यामागे होतं, पिसाळलेल्या कुत्र्यामागे नव्हतं. आता तुम्हीच सांगा, आठ आण्यांसाठी पकडायला कुठलं कुत्रं सोपं? पिसाळलेल्याच्या वाटेला कोण जातंय! जे माणसाळलेलं आहे, हाकेला येतं, शेपूट हलवत जवळ येतं, तेच आधी सापडणार. लोकांच्या दारातली, अंगणातली पाळीव कुत्रीसुद्धा ओढून मारल्याच्या तक्रारी सुरू झाल्या.

पारशी समाजाला हे सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांच्या धर्मात कुत्र्याला जी जागा आहे ती बहुधा दुसऱ्या कुठल्याच धर्मात नाही. माणूस गेला की त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडायची, तो विधीच आहे, सगदीद म्हणतात त्याला. ६ जूनला पारशांचा सणाचा दिवस होता आणि त्याच दिवशी फोर्ट भागात कुत्री मारणारे शिपाई फिरत होते. पारशांचा एक जमाव त्यांच्यावर धावून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. नुसते पारशी नव्हे, जैन, वैष्णव, इस्माइली मुसलमान व्यापारीही त्यात उतरले. कुलाब्याच्या छावणीत जाणारं अन्नपाणी अडवलं, साहेबांच्या बग्ग्यांवर घाण आणि दगड फेकले. शेवटी लष्कर बोलवावं लागलं आणि धरपकड झाली. काही जणांना शिक्षाही झाल्या. मुंबईतल्या पहिल्या मोठ्या हरताळांमध्ये याची गणना होते, आणि कारण काय, तर कुत्री!

मग जमशेटजी जीजीभाईंसारखे शेटजी मध्ये पडले. सरकारकडे अर्ज गेले. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत, असा तोडगा निघाला. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, याच जमशेटजींनी आणि अमीचंद शहांनी भुलेश्वरला पांजरापोळ काढलं. ते आजही आहे, गायी आहेत तिथं. मुंबईला गेलात तर बघून या.

आता आमची बैठक आठवा. मारा, किंवा लांब नेऊन सोडा, किंवा हात लावू नका. १८३२ मध्ये हेच तीन पर्याय होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टातही तेच दिसलं. ११ तारखेला दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश आला, देशभर गदारोळ झाला. २२ तारखेला तो बदलला. नसबंदी करा, लस द्या, जिथून उचललं तिथंच परत सोडा, फक्त पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडू नका, असं ठरलं. पुढे नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं यांच्याबद्दल वेगळा आदेश आला, तिथली कुत्री हलवायचीच. मला कोर्टावर बोलायचं नाही. मला एवढंच दिसतं की या सगळ्या वादात एक प्रश्न कायम शेवटच्या बाकावर बसतो. रोजचं कोण बघणार?

गंमत म्हणजे ज्या पारशांनी दंगा केला, त्यांच्या वेंदिदाद या जुन्या धर्मग्रंथात याचं उत्तर आहे, आणि ते फार व्यावहारिक आहे. त्यात कुत्र्याला खराब अन्न देणं हे पाप सांगितलंय. फार कडक हाड किंवा फार गरम अन्न घालणं हेही पाप, कारण हाड दातात, घशात अडकतं आणि गरम अन्नानं तोंड भाजतं. कुत्री व्याली तर जे घर तिला सगळ्यांत जवळ, त्यानं पिल्लं मोठी होईपर्यंत सांभाळायची. आणि कुत्रं पिसाळल्यासारखं वाटलं तर? आधी ते चावणार नाही असा बंदोबस्त करायचा, मग माणसावर करतो तसे उपचार करायचे. लक्षात घ्या, नुसतं प्रेम करा असं नाही म्हटलंय. ज्याच्या दाराशी कुत्रं, त्याच्यावर काम टाकलंय.

आपणही कुत्र्याला कमी मान दिलेला नाही. खंडोबाच्या पायाशी कुत्रं, दत्ताच्या पायाशी चार. आपल्या साताऱ्यात तर संगम माहुलीला खंड्याची समाधी आहे. थोरल्या शाहू महाराजांचा हा कुत्रा. त्याच्यामुळे महाराज वाघाच्या तावडीतून वाचले आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं आपल्याकडे सांगतात. (रायगडावरच्या वाघ्याचा विषय आज काढू नका, कॉमेंटमध्ये मारामाऱ्या होतील.) मान देण्यात आपण कुठंच मागे नाही. भाकरीचा तुकडाही टाकतो. पण तो तुकडा खाणाऱ्या कुत्र्याला लस टोचायची वेळ आली की ते लगेच 'भटकं' होतं.

आणि पाळीव? आता मोत्यावर येतो.

मोत्या चार वर्षांचा. दिवसभर जिन्याखाली साखळीला बांधलेला, राखणीला म्हणून. शेजारचा आठ वर्षांचा मुलगा चेंडू आणायला आला. चेंडू मोत्याच्या ताटलीपाशी, आणि मोत्या जेवत होता. पोटरीला चावला, रक्त आलं. त्याच्या आजीनं मायेपोटी चुना आणि तिखट लावलं. मी धावत गेलो, नळाखाली जखम धुतली, पोराला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी त्याची आई दारात आली. भांडायला नाही. एवढंच म्हणाली, "दादा, मोत्याचं इंजेक्शनचं पुस्तक दाखवता का?"

पुस्तक काढलं. शेवटच्या डोसची तारीख उलटून सात महिने झाले होते.

ती काही बोलली नाही. मीही नाही. पुढचे दहा दिवस मी मोत्याच्या तोंडाकडे बघत काढले, तो खातोय का, पाणी पितोय का, लाळ गळतेय का. चावलेल्या कुत्र्याच्या लाळेत चावताना रोग असेल तर ते साधारण दहा दिवसांत मरतं, म्हणून ही नजर ठेवायची असते. पण तोवर माणसाचे उपचार थांबवायचे नसतात, ते त्याच दिवशी सुरू करायचे. मोत्या ठणठणीत आहे. मुलगाही. त्याचे डोस पूर्ण झाले.

हे डोस म्हणजे काय चीज आहे, ते आमच्या पिढीला विचारा. ६ जुलै १८८५ ला पॅरिसमध्ये लुई पाश्चरनं जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस टोचली आणि पोरगा वाचला. मुंबईच्या दंग्यानंतर ५३ वर्षांनी! १९०० मध्ये आपल्याकडे कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली. तिथं डेव्हिड सेम्पलनं १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली, तीच पुढे देशभर चालली. पोटातली चौदा इंजेक्शनं म्हणतात ती हीच. माझ्या थोरल्या चुलत्यांना लहानपणी दिली होती, ते सत्तरीतही पोटावर हात ठेवूनच ती गोष्ट सांगायचे. ही लस २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात चार-पाच डोस, किंवा सरकारी दवाखान्यात कातडीत त्याहून थोडी मात्रा, आणि जखम खोल असेल तर जखमेभोवती सीरमही. पोटात काहीच टोचत नाहीत. भीतीपोटी दवाखाना टाळणारे अजूनही आहेत, त्यांना हे सांगा.

मारून प्रश्न सुटला का, तेही इतिहासात आहे. मुंबई महापालिका १९९४ पर्यंत कुत्री पकडून मारत होती, विजेचा धक्का देऊन. इतकी दशकं मारूनही कुत्री संपली नाहीत, रेबीजही नाही. जागा रिकामी झाली आणि कचऱ्यात अन्न असलं की शेजारच्या भागातली येतात. उलट गोव्यात बघा. तिथं दरवर्षी लाखाच्या जवळपास कुत्र्यांना, पाळीव आणि भटक्या दोन्हींना, जाळ्यानं पकडून जागीच लस टोचली. शाळांमध्ये पोरांना शिकवलं, चावल्याचा फोन आला की माणूस पोचेल अशी सोय केली. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झाला, त्याआधीची तीन वर्षं तिथं एकही माणूस रेबीजनं गेला नव्हता. पकडून तिथंच सोडलेल्या कुत्र्यांनी गोवा वाचवला, असं म्हटलं तर आमच्या बैठकीतले दोन्ही पक्ष चिडतील.

घरी कुत्रं असणाऱ्यांना माझ्या चुकांवरून चार गोष्टी सांगतो. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, महिन्याभरानं दुसरा डोस, मग दरवर्षी. तारीख मोबाईलमध्ये टाका, पुस्तक कपाटात राहतं. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. पावसाळ्यात कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा, गोचिडाच्या तापानं चांगली कुत्री गेलेली मी पाहिली आहेत. चॉकलेट, कांदा-लसूण, द्राक्षं-मनुका देऊ नका. शिजवलेलं कोंबडीचं हाडही नको, ते चिरफळतं. (वेंदिदादवाल्यांना हे कधीच कळलं होतं.) ताप दिसला म्हणून आपली क्रोसिन तर मुळीच नाही. एप्रिलमध्ये फिरायला नेण्याआधी डांबरावर हाताची मागची बाजू ठेवून बघा. तुम्हाला सात सेकंद ठेववत नसेल तर त्याच्या पंज्याला कसं ठेववेल?

आणि साखळी. कुत्रं दिवसभर बांधून ठेवलं की ते राखण करत नाही, चिडतं. मोत्याचं तेच झालं. आता तो सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास पट्ट्यावर चालतो. घरात सगळ्यांनी एकच शब्द ठरवलाय, 'थांब'. आधी मी थांब म्हणायचो, सौ. 'ए नको' म्हणायची, पोरगा इंग्रजीत ओरडायचा, मोत्यानं ऐकायचं कुणाचं? थांबला की लगेच बिस्किटाचा छोटा तुकडा. मारत नाही. मारलं की कुत्रं हाताला भितं, आणि भ्यालेलं कुत्रंच आधी चावतं. पिल्लाला हात चावू देऊ नका, आज गोड वाटतं, वर्षानं टाके पडतात. जेवणाची जागा जिन्याखालून हलवून मागच्या गॅलरीत नेली. तिथं पोरांचा चेंडू जात नाही.

कुणाला चावलंच तर चुना, तिखट, हळद, काही नाही. साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं, आणि सरळ दवाखाना. ओरखडा असला तरी.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या कॉलनीच्या मंदिरामागच्या मोकळ्या जागेत जनावरांचे डॉक्टर येणार आहेत, लसीचा खर्च मी आणि आणखी तिघं करतोय. पाळीव कुत्री पट्ट्यावर आणा. कोपऱ्यावरची काळी आणि तिची तीन पिल्लं माझ्या नावावर लिहिली आहेत, माझं घर तिला सगळ्यांत जवळ आहे. दूध डेअरीपाशी बसणारा लंगडा आणि पाण्याच्या टाकीखालची दोन, यांना धरून आणायला माणसं हवीत. रोज ज्यांच्या हातची भाकरी ती खातात त्यांनी आलं तर जाळं लागणार नाही. कॉमेंटमध्ये नाव टाका.