रावेरचे ऊन आणि जाळीवरचा ठसा

लग्नपत्रिकेवर वधूच्या नावाआधी 'चि. सौ. कां.' अशी अक्षरे असतात. त्यातील 'कां'वरचा अनुस्वार म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा एक ठिपका. तो कागदावर उमटला नाही, तर ग्राहक छापणाऱ्याला बोल लावतो आणि छापणारा शाईला किंवा कापडाला. पुष्कळदा खरा दोष उजेडाचा असतो. कोणत्या रंगाचा उजेड, किती दुरून, कोणत्या कोनातून आणि किती वेळ, या चार प्रश्नांची उत्तरे शोधण्यात छपाईच्या तंत्राची दीडशेहून अधिक वर्षे गेली. रावेर, सावदा, फैजपूर अशा तालुक्याच्या किंवा बाजारपेठेच्या गावी स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्याला नवा दिवा घेताना हेच चार प्रश्न आजही सोडवावे लागतात.

स्क्रीन प्रिंटिंगची कृती थोडक्यात अशी. लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर नायलॉनचे वा पॉलिएस्टरचे बारीक जाळीचे कापड ताणून बसवतात. त्यावर प्रकाशसंवेदी द्रावणाचा थर देऊन तो अंधारात वाळवतात. मजकुराची पारदर्शक पॉझिटिव्ह, म्हणजे काळी अक्षरे असलेली फिल्म, थराला टेकवून वरून उजेड देतात. उजेड लागला तेथे थर घट्ट होतो. काळ्या अक्षरांखाली तो मऊच राहतो आणि पाण्याने धुऊन जातो. मग रबरी स्क्वीजीने शाई ओढली की ती मोकळ्या झालेल्या भोकांतूनच कागदावर उतरते.

थर घट्ट होण्यामागचे रसायन शाळेतल्या शिक्षकांच्या चांगल्या ओळखीचे आहे. सल्फर डायऑक्साइड वायू ओळखण्यासाठी आपण आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये भिजवलेला कागद धरतो आणि नारिंगी कागद हिरवा होतो. सहा संयुजेचे क्रोमियम तीन संयुजेचे होते, म्हणून हा रंगबदल. जिलेटिन, सरस किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल यांत डायक्रोमेट मिसळले, तर हेच क्षपण उजेडाच्या मदतीने घडते. तयार झालेले तीन संयुजेचे क्रोमियम शेजारशेजारच्या लांब रेणूंना एकमेकांशी बांधून टाकते आणि पाण्यात विरघळणारा पदार्थ अविद्राव्य बनतो. क्रोमियमचे क्षार वापरून चामडे कमावतात, त्यातही याच जातीचे बंध तयार होतात. छापखान्यातला थर म्हणजे एका अर्थाने उजेडाने कमावलेले कातडेच.

डायक्रोमेटमध्ये भिजवलेला कागद उन्हात गडद होतो, हे स्कॉटलंडमधील मंगो पाँटन याने १८३९ मध्ये दाखवले. १८५२ मध्ये टॅलबट याने डायक्रोमेटयुक्त जिलेटिन उजेडाने अविद्राव्य होते या गुणाचा उपयोग धातूवर चित्र कोरण्यासाठी केला. १८५५ मध्ये फ्रान्सच्या प्वातव्हँ याने तो शिळाछापाला लावला. १८६० च्या सुमारास इंग्लंडच्या भूमापन खात्यात हेन्री जेम्स यांच्या देखरेखीखाली फोटोझिंकोग्राफीची पद्धत रूढ झाली. तीत नकाशाचे छायाचित्र घेऊन ते डायक्रोमेटच्या कागदावर उतरवत आणि तेथून जस्ताच्या पत्र्यावर नेऊन छापत. ही पद्धत लवकरच आपल्याकडे आली. पुण्याच्या सरकारी फोटोझिंको छापखान्याने मुंबई इलाख्यातील गावांचे नकाशे छापले. तलाठ्याच्या दप्तरात जीर्ण झालेला जुना गावनकाशा पाहिला, तर त्याच्या कडेला या छापखान्याचे नाव सापडण्याचा संभव पुष्कळ. शेताच्या बांधाची रेघ हाताने नक्कल न करता सूर्यप्रकाशाने उतरवली जाते, ही गोष्ट महाराष्ट्रात अशी सारा-वसुलीच्या कामातून आली, याची आम्हांला गंमत वाटते.

दादासाहेब फाळके यांना आपण १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मुळे ओळखतो. त्याआधीची बरीच वर्षे त्यांनी नेमक्या याच विद्येत घालवली. बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी छायाचित्रणाचे आणि त्यावर आधारलेल्या छपाईचे शिक्षण घेतले. तेथील प्रा. गज्जर यांनी त्यांना तीनरंगी ब्लॉक बनवण्याची कला शिकण्यासाठी रतलामला पाठवले. पुढे पुरातत्त्व खात्यातील नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्याला ब्लॉक बनवण्याचा व छपाईचा कारखाना काढला. तो नंतर दादरला आला आणि 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' झाला. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रसामग्री पाहून घेण्यासाठी ते जर्मनीला जाऊन आले. तीनरंगी छपाईत एकाच चित्राचे तीन ब्लॉक एकमेकांवर तंतोतंत बसावे लागतात. एका पत्र्याला उजेड जास्त आणि दुसऱ्याला कमी झाला, तर चेहरा हिरवट दिसतो.

त्या काळच्या ब्लॉक कारखान्यांत ऊन मागे पडून कार्बन आर्कचा दिवा आला, तो नुसता झगझगीत म्हणून टिकला नाही. दोन कार्बनकांड्यांमधील ज्वाळेत हवेतल्या नायट्रोजनपासून सायनोजेन तयार होते आणि त्याचा जोरदार उजेड ३८८ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे जांभळ्या रंगाच्या थोडा पलीकडे, पडतो. डायक्रोमेटला हाच भाग मानवतो. दिवा आणि रसायन यांची ही जोडी योगायोगाने जमली. पुढे प्रत्येक नव्या दिव्याला ती मुद्दाम जमवावी लागली.

स्क्रीन प्रिंटिंगचे एकस्व मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन याने १९०७ मध्ये घेतले. तेव्हा जाळीवरचा स्टेन्सिल हातानेच करावा लागे. कापड रेशमाचे असे, पीठ चाळण्यासाठी विणलेले. त्याचे 'बोल्टिंग क्लॉथ' हे नाव छपाईतही चालू राहिले. ब्लॉकवाल्यांचे डायक्रोमेट जाळीवर आले ते १९१५ च्या आगेमागे, अमेरिकेत. आपल्या छोट्या गावांत हा धंदा पसरला तो त्यानंतर बऱ्याच दशकांनी. कारण साधे होते. ट्रेडल यंत्र आणि खिळ्यांचे टंक यांना लागणारे भांडवल येथे लागत नव्हते. एक टेबल, दोन-चार फ्रेमा, थोडी शाई आणि अंगणातले ऊन एवढ्यावर दुकान उभे राही.

ऊन हा गरिबाचा दिवा म्हणून त्याला कमी लेखू नये. सूर्यबिंब आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाचे दिसते, म्हणून त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात आणि काळ्या अक्षराची सावली रेखीव पडते. पॉझिटिव्ह उलट्या बाजूने ठेवली गेली, तर शाईचा थर आणि जाळीवरचा थर यांमध्ये फिल्मची जाडी, समजा ०.१ मि.मी., शिल्लक राहते. एखादा किरण ४५ अंशांनी तिरपा आला तर फिल्ममध्ये वळून तो साधारण ०.०५ मि.मी. आडवा सरकतो. अक्षराच्या दोन्ही कडांनी असा उजेड आत घुसला, तर ०.२ मि.मी. रुंदीच्या रेघेतील निम्मीच मोकळी राहते. वेलांटीचे टोक, रफार आणि आपला तो अनुस्वार प्रथम बळी पडतात. सरळ लंबरूप उन्हात हीच चूक नगण्य ठरते. वर्गात सायनच्या नियमाचे उदाहरण हवे असेल, तर फिल्मचा अपवर्तनांक १.६४ धरून हे गणित मुलांकडून करून घेता येईल.

उन्हाची अडचण वेगळी. रावेर सुमारे २१¼ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यास तेथे मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. डिसेंबरच्या मध्यान्ही मात्र तो क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो आणि किरणांना वातावरणातून सुमारे १.४ पट अंतर कापावे लागते. अतिनील भाग या वाटेत अधिक विखुरतो. म्हणजे उन्हाळ्यात बसवलेला वेळ हिवाळ्यात चुकतो. विखुरलेला उजेड निळ्या आकाशाच्या सर्व बाजूंनी येतो, तोही तिरपा. शिवाय पावसाळा आहेच. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते तेव्हा ऊन उतरणीला लागलेले असते, हा तर या धंद्याशी निसर्गाने केलेला विनोद म्हणायचा.

म्हणून खोके आले. लाकडी पेटीत पाच-सहा ट्यूबलाइट, वर काच, काचेवर पॉझिटिव्ह, त्यावर फ्रेम, आत फोम आणि वजनाला विटा किंवा वाळूची पिशवी. काम घरात आले, रात्रीही होऊ लागले. पण साध्या पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात अतिनील भाग फार थोडा. पाऱ्याच्या ४०५ आणि ४३६ नॅनोमीटरच्या रेषांवर डायक्रोमेट कसेबसे निभावून नेई, वेळ मात्र उन्हाच्या कितीतरी पट लागे. आणि आडव्या मांडलेल्या नळ्या म्हणजे चोहोबाजूंनी तिरपा उजेड. ज्याला सर्वजण सुधारणा म्हणत होते, तिने ठशाची रेखीवता उन्हापेक्षा कमी केली. सोय आणि गुण यांची ही अदलाबदल दुकानदारांनी डोळसपणे केली असेल, असे आम्हांला वाटत नाही. त्यांना ती करणे भाग होते.

काहींनी रस्त्यावरच्या दिव्यांतील पाऱ्याचे बल्ब आणले आणि बाहेरची काच फोडून आतली नळी तेवढी वापरली. उजेड जोरदार मिळे, कारण पाऱ्याची ३६५ नॅनोमीटरची रेषा फार प्रखर असते. पण बाहेरची काच लघुतरंग अतिनील किरण अडवण्यासाठीच असते. ती काढली की काही मिनिटांत डोळ्यांना इजा होते आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होऊन झोप उडते. हा प्रयोग कोणी करू नये, पाहूही नये.

मोठ्या शहरांतील कारखान्यांनी मेटल हॅलाइडचा एकच जोरदार दिवा दूर टांगण्याची पद्धत स्वीकारली. दूरचा एकच दिवा पुष्कळसा सूर्यासारखा वागतो. मात्र अंतर दुप्पट केले की वेळ चौपट. ५० सें.मी. वर दोन मिनिटे लागत असतील तर एक मीटरवर आठ. शिवाय हा दिवा विझला की गरम असताना लगेच पेटत नाही, काही मिनिटे थांबावे लागते. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने जे भारनियमन सोसले, त्यात असा दिवा घेणे म्हणजे अर्धवट भाजलेल्या फ्रेमांचा ढीग लावणे होते.

दिव्यांबरोबर रसायनही बदलत गेले. डायक्रोमेटचा थर अंधारातही हळूहळू घट्ट होत जातो, उष्णतेने आणि दमटपणाने अधिकच. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या जळगाव जिल्ह्यात सकाळी थर दिलेली फ्रेम संध्याकाळी धुता येईल याची खात्री नसे. त्याची जागा डायझो संयुगांनी घेतली. इमारतींचे नकाशे ज्या 'अमोनिया प्रिंट'वर निघत त्यांचीच ही भावंडे. डायझोचा थर आठवडे टिकतो आणि उजेड लागला की त्याचा पिवळा रंग फिका होतो, त्यामुळे काम कुठवर आले ते डोळ्यांना दिसते. त्याहून झटपट काम करणारे फोटोपॉलिमर १९८० नंतर आले.

यात सर्वांत मोठा लाभ हातांचा झाला. सहा संयुजेचे क्रोमियम त्वचेवर खोल, लवकर न भरणारे व्रण करते, नाकाचा पडदा झिजवते आणि ते माणसात कर्करोग घडवते असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये ठरवले. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१७ पासून डायक्रोमेटचा वापर खास परवानगीशिवाय बंद केला. आपल्याकडे स्वस्त म्हणून ते वापरणारे दुकान दिसले, तर हातमोजे आणि धुणाचे पाणी कोठे जाते हे दोन प्रश्न विचारायला हवेत. ते पाणी सहसा मोरीतून थेट गटारात जाते.

आता एलईडीचा काळ आहे. पाऱ्याच्या सामान्य नळदिव्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ अखेरपर्यंत थांबवण्याचे मिनामाता कराराच्या २०२३ च्या बैठकीत ठरले. खोक्यातली ट्यूब गेली की तिच्या जागी बाजारातली पांढरी एलईडी पट्टी बसवण्याचा मोह होतो. ती डोळ्यांना दुप्पट झगझगीत दिसते आणि जाळीवर जवळजवळ काहीच करत नाही. पांढऱ्या एलईडीचा मूळ उजेड ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा असतो आणि अतिनील भाग त्यात नसतोच. डायझोला हवा तो ३७० च्या आसपासचा. अतिनील म्हणून मिळणाऱ्या एलईडीतही ३९५ किंवा ४०५ नॅनोमीटरच्या स्वस्त आणि ३६५ च्या महाग. स्वस्त पट्टीने काम होते, पण थर त्या उजेडाला कमी दाद देतो आणि वॅटचे आकडे पाहून केलेला वेळेचा अंदाज चुकतो. शिवाय पट्ट्या काचेजवळ दाटीने लावल्या, तर तिरप्या उजेडाचे जुने दुखणे परत येते. दिवा वीज आल्याबरोबर पूर्ण तेजाने पेटतो आणि इन्व्हर्टरवर चालतो, हे मात्र आमच्या मते गावच्या दुकानासाठी एलईडीच्या बाजूचे सर्वांत मोठे कारण.

नवा दिवा घेण्यापूर्वी दोन गोष्टी जवळजवळ फुकट करता येतात. एक, फिल्मची शाईची बाजू थराला चिकटून आहे ना हे पाहणे आणि विटांऐवजी रबरी चादरीखालची हवा काढून दाब देणे. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरची शोषणाची बाजू वापरून हे करणारे कारागीर आहेत. दुसरी, पायऱ्यांची चाचणी. फ्रेमवर काळा पुठ्ठा ठेवून दर मिनिटाला तो एकेक बोट सरकवायचा. धुतल्यावर ज्या पायरीपासून पिवळेपणा बदलायचा थांबतो, तो त्या दिव्याचा, त्या अंतराचा, त्या थराचा वेळ. दिवा बदलला की चाचणी पुन्हा.

हीच चाचणी शाळेत डायक्रोमेटला हात न लावता करता येते. हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेल्या निळ्या ठशासाठी फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणे पुरतात. ती कोणत्याही आम्लापासून दूर ठेवावीत आणि हातमोजे घालावेत. मिसळलेले द्रावण कागदावर लावून अंधारात वाळवावे, एक पट्टी मे अखेरच्या मध्यान्ही आणि एक डिसेंबरच्या मध्यान्ही, दोन्ही वेळा कागद जमिनीवर आडवा ठेवून, दर मिनिटाला पुठ्ठा सरकवत उन्हात धरावी आणि साध्या पाण्याने धुवावी. तिसरी पट्टी वर्गातल्या पांढऱ्या एलईडीखाली तितकाच वेळ ठेवावी. धुतल्यावर तिचा कागद जवळजवळ कोराच निघेल. तिन्ही पट्ट्यांवर तारीख, वेळ आणि मिनिटे पेन्सिलीने लिहून त्या शेजारीशेजारी भिंतीवर लावाव्यात, थेट ऊन येणार नाही अशा जागी.