हाय फ्रेम रेट
सेकंदाला २४ पेक्षा अधिक चौकटी टिपून त्याच गतीने पडद्यावर दाखवण्याची चित्रपटपद्धती. २४ चौकटींचा प्रघात १९२० च्या दशकाअखेर बोलपटाबरोबर रूढ झाला. या गतीत शटर साधारण १/४८ सेकंद उघडे असते. त्यामुळे हलणारा हात किंचित पुसट उमटतो, आणि प्रेक्षकाला सिनेमाची म्हणून जी ओळख पटते ती बरीचशी या पुसटपणातून. डग्लस ट्रम्बुल यांनी ‘शोस्कॅन’ तंत्रात ६० चौकटी वापरल्या. पीटर जॅक्सन यांच्या ‘द हॉबिट’ने २०१२ मध्ये ४८ चौकटी चित्रपटगृहांत आणल्या. त्रिमितीतली थरथर कमी झाली, पण सेटचा आणि रंगभूषेचा खोटेपणा उघडा पडला; ‘टीव्ही मालिकेसारखे दिसते’ ही तक्रार रास्तच होती. अँग ली यांनी ‘बिली लिन्स लाँग हाफटाइम वॉक’ (२०१६) १२० चौकटींत, ४के त्रिमितीत चित्रित केला. एवढ्या स्पष्टतेत नेहमीचा मेकअप टिकत नाही, म्हणून नटांचे चेहरे जवळजवळ तसेच ठेवावे लागले. शिवाय चौकट कमी वेळ उघडी राहत असल्याने प्रकाशही जास्त लागतो. जेम्स कॅमेरॉन यांनी ‘अवतार: द वे ऑफ वॉटर’मध्ये (२०२२) ४८ चौकटी पाण्याखालच्या व धावपळीच्या दृश्यांना दिल्या, संवादांना २४ चाच परिणाम ठेवला. आजवरच्या प्रयोगांत हाच सर्वांत समंजस म्हणावा लागेल.