डागाळलेल्या पानांची प्रतिष्ठा
घरच्या ऑर्किडच्या पानावर पिवळी रेघ उमटली किंवा फुलाची एखादी पाकळी भलतीच वळली, की आज पहिली शंका रोगाची येते. एदो काळातल्या जपानमध्ये अशाच वेगळेपणाला मान होता. अकरावा शोगुन तोकुगावा इएनारी याच्या काळात फूकिरान या लहानशा, सुवासिक ऑर्किडचा शौक सरदारवर्गात रुजला. पट्टेदार पाने आणि चाकोरीबाहेरची फुले निवडून जपली गेली. 1827 आणि 1829 मध्ये तर विचित्र व चित्रपर्णी झाडांचे सचित्र ग्रंथच निघाले. हा निव्वळ श्रीमंती चाळा नव्हता. या परंपरेत पट्टा नव्या फुटव्यात टिकतो का, यावर झाडाची किंमत ठरते. म्हणजे या शौकामागे निरीक्षणाची शिस्त आहे.

यावर रास्त आक्षेप असा, की फुटव्यातून रोगही पुढे जातो. सतराव्या शतकात हॉलंडच्या पट्टेदार ट्यूलिपांना अफाट भाव आला. ते पट्टे संसर्गाचे आहेत, हे 1920च्या दशकात उलगडले. तेव्हा नुसता टिकाऊपणा आनुवंशिक बदलाचा पुरावा ठरत नाही. मात्र ऑर्किडवरचा सिंबिडियम मोझॅकसारखा विषाणू छाटणीच्या कात्रीवरून शेजारच्या झाडात शिरतो, उत्परिवर्तन तसे पसरत नाही. हा फरक नुसत्या टिकाऊपणातून कळत नाही; म्हणून जपानी माळ्यांची कसोटी चुकीची नव्हती, अपुरी होती. विषाणूची चाचणी आणि निर्जंतुक कात्री यांची जोड दिली, तर डागाळलेले रोप फेकण्याआधी थांबून पाहण्याचा त्यांचा आग्रह आजही योग्यच ठरतो.