पत्र कोणाचे, पाकीट कोणाचे?

एम.ए.च्या वर्गात पत्रवाङ्मय शिकवताना एक प्रश्न दरवर्षी निघतो. लेखकाने मित्राला लिहिलेले खासगी पत्र छापण्याचा अधिकार कोणाचा? लिहिणाऱ्याचा, की ज्याच्या पेटीत ते सापडले त्याचा? आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. कायद्याशी आमचा संबंध वर्तमानपत्रापुरता. तरी या प्रश्नाचे उत्तर आम्ही इंग्लंडमधल्या एका जुन्या खटल्यापासून देत आलो आहोत. अलीकडे ते उत्तर अपुरे वाटू लागले, म्हणून हा लेख.

कवी अलेक्झांडर पोप आणि लंडनचा प्रकाशक एडमंड कर्ल यांचा हा खटला १७४१ सालचा. पोप आणि जोनाथन स्विफ्ट यांचा पत्रव्यवहार कर्लने परवानगीविना छापला. न्यायाधीश लॉर्ड हार्डविक यांनी निवाडा दिला तो असा : पत्र ज्याला पाठवले त्याच्याकडे फार तर कागदाची मालकी जाते, शब्दांची नाही. त्यामुळे पोपने लिहिलेली पत्रे छापण्यास मनाई झाली. स्विफ्टने त्याला लिहिलेल्या पत्रांबाबत मात्र पोपला तक्रार करता येईना. गंमत अशी की, याच पोपने १७३५ मध्ये आपली पत्रे गुपचूप कर्लच्याच हाती पडतील अशी व्यवस्था केली होती. पुढे स्वतःची ‘अधिकृत’ आवृत्ती काढायला त्याला निमित्त हवे होते. खासगीपणाचा कैवारी आणि प्रसिद्धीचा लोभी एकाच माणसात नांदू शकतात, हे वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

शंभर वर्षांनी प्रतिपक्ष बदलला. इटालियन देशभक्त मॅझिनी लंडनमध्ये आश्रयाला होता. आपली पत्रे वाटेत कोणी फोडते असा संशय येताच त्याने पाकिटांत खसखशीचे दाणे, वाळूचे कण घालून पाहिले. पत्र पोहोचेपर्यंत ते नाहीसे झालेले असत. जून १८४४ मध्ये प्रकरण पार्लमेंटात गेले आणि गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांच्या हुकुमाने पत्रे उघडली जात असल्याचे बाहेर आले. कार्लाइलने ‘टाइम्स’ला संतप्त पत्र लिहिले. टपाल हे सरकारचे खाते असले तरी पाकिटातला मजकूर सरकारचा नव्हे, ही जाणीव तिथल्या सुशिक्षितांत या प्रकरणाने पक्की केली.

आपल्याकडे १८९८ च्या टपाल कायद्याने आणीबाणीच्या वा सार्वजनिक सुरक्षेच्या कारणासाठी टपाल अडवण्याचा अधिकार सरकारला दिला. स्वातंत्र्यानंतरही तो राहिला. १९८६ मध्ये हा अधिकार वाढवणारे विधेयक संसदेने संमत केले. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही, परतही पाठवले नाही. ते तसेच पडून राहिले आणि पुढे मागे घेतले गेले. १८९८ च्या कायद्याची जागा आता २०२३ च्या कायद्याने घेतली आहे. टपाल अडवण्याचा अधिकार त्यातही आहेच.

या साऱ्या इतिहासात एक गोष्ट समान आहे. भांडण मजकुराचे आहे. पाकीट फोडायचे ते आत काय लिहिले आहे हे कळावे म्हणून. पत्र कोठून कोठे गेले, किती वाजता, आठवड्यातून कितीदा, याचा व्यापार कोणी करत नव्हते. तो सुरू होण्यासाठी संगणकाचे जाळे यावे लागले.

१९९४ मध्ये नेटस्केप कंपनीच्या लू माँटुली यांनी ‘कुकी’ तयार केली. हेतू साधा होता. संकेतस्थळाला आधी येऊन गेलेला माणूस ओळखता येत नसे, त्यामुळे एका पानावर निवडलेली वस्तू दुसऱ्या पानावर विसरली जाई. ती आठवण ठेवणारी ही चिठ्ठी. जाहिरात कंपन्यांनी याच चिठ्ठीचा उपयोग एक माणूस कोणकोणत्या संकेतस्थळांवर फिरतो याचा माग काढण्यासाठी केला. २००४ मध्ये गूगलने जीमेल आणले आणि पत्रातील शब्द यंत्राकडून वाचवून शेजारी त्यानुसार जाहिराती दाखवल्या. त्यावर बराच आक्षेप घेतला गेला. जाहिरातींसाठी पत्रे वाचणे थांबवत असल्याचे कंपनीने २०१७ मध्ये जाहीर केले. तोवर मजकूर वाचण्याची गरज बरीच कमी झाली होती, असे म्हणायला जागा आहे.

का, ते २००६ च्या एका घटनेवरून कळते. त्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील एओएल कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी साडेसहा लाखांवर ग्राहकांचे तीन महिन्यांतले सुमारे दोन कोटी शोध-शब्द जाहीर केले. नावे काढून जागी आकडे घातले होते. काही दिवसांतच ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे बातमीदार त्यांतल्या एका आकड्यामागच्या स्त्रीच्या दारात उभे होते. नाव पुसले तरी रोजनिशी पुसली जात नाही. हे तर आम्हा संपादनाच्या विद्यार्थ्यांना आधीच ठाऊक असायला हवे होते. तारीख नसलेले पत्र आपण कशावरून लावतो? टपालाचा शिक्का, पत्ता, पाकिटाचा कागद, यांवरूनच. मजकूर न वाचताही पाकीट किती बोलते, हे आपल्याइतके कोण जाणते?

लॉर्ड हार्डविक यांची वाटणी इथे लागू पडत नाही. कागद घेणाऱ्याचा, शब्द लिहिणाऱ्याचे; पण आमच्या वावरण्याच्या खुणा आम्ही ‘लिहिल्या’च नाहीत. त्यांचा कर्ता कोण?

शिवाय एकाच्या होकाराने दुसऱ्याची माहिती जाते. २०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण उघडकीस आले. व्यक्तिमत्त्व-चाचणीचे एक अ‍ॅप वापरणाऱ्यांबरोबर त्यांच्या फेसबुक-मित्रांचीही माहिती गेली होती. फेसबुकच्याच अंदाजानुसार भारतात ते अ‍ॅप घेणारे होते ३३५, आणि ज्यांची माहिती गेली असावी असे सुमारे ५ लाख ६२ हजार. खासगीपणाशी संबंधित तक्रारींवरून अमेरिकी आयोगाने २०१९ मध्ये कंपनीला ५ अब्ज डॉलरचा दंड केला.

दरम्यान, २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याने सरकारला मोकळीक पुष्कळ ठेवली आहे. तरी कंपन्यांना २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि माहिती घेण्यापूर्वी स्पष्ट सूचना देऊन संमती घेणे हा त्याचा पाया आहे.

संमतीविषयी बोलण्याचा आम्हाला कितपत अधिकार आहे? २०२० च्या टाळेबंदीत आमच्या महाविद्यालयाने एक अ‍ॅप घ्यायला सांगितले. आम्ही विद्यार्थ्यांना दूरध्वनी करकरून ते घ्यायला लावले. अटींखाली ‘मान्य’ दाबा, असे आम्हीच सांगितले. वाचल्या कोणीच नव्हत्या. काही महिन्यांनी एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, क्लासवाल्यांचे फोन घरी बाबांना येतात. त्यांना माझे विषय कसे माहीत?” ती माहिती त्या अ‍ॅपमधूनच गेली असे आम्ही सिद्ध करू शकत नाही. गेली नाही असेही तिला सांगू शकलो नाही. जन्मभर ‘वाचा, नीट वाचा’ म्हणणाऱ्या दोघांनी तिला न वाचता सही करायला लावली होती, एवढे मात्र खरे.

यंदा आम्ही अशाच एका अ‍ॅपच्या अटी वर्गात मोठ्याने वाचल्या आणि उतारा म्हणून त्यांचे विश्लेषण केले. ‘माहिती सामायिक केली जाऊ शकते’ या वाक्यात कर्ता नाही. ‘आमचे भागीदार’ कोण, ते कुठेच येत नाही. मुलांना हे शोधायला अर्धा तास पुरला.

नव्या कायद्यानुसार ही सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय नागरिकाला मिळायचा आहे. ते मराठी कसले असेल? शासकीय परिपत्रकाचे, की यंत्राने उलथवलेले? कर्ता असलेली, समजणारी वाक्ये त्यात असावीत हे पाहणे वकिलांइतकेच मराठीच्या विभागांचे काम आहे. पत्रवाङ्मयाच्या तासाला आम्ही पोपचा खटला शिकवतच राहू. पुढच्या वर्षीपासून त्याच्या शेजारी अशी एक संमतीची सूचनाही अभ्यासाला ठेवणार आहोत.